रसाची ट्यूब

ता. ४ नोव्हेंबर १९३८, शुक्रवार

पुन्हा पंक्चर! सराटे, सराटे, सराटे! ज्यानं हा रस्ता केला त्याला एकदा त्यावरून अनवाणी चालवला पाहिजे. नवापूर टेसन अजून लांब, आणि मागचं चाक बसलं. सायकल खांद्यावर घेऊन पळालो. टेसनमास्तरनं शेठची मालगाडीचे डबे मागायची चिठ्ठी बघितली न बघितली — ‘आता कशाला आणलीस? डबे दिले दुसऱ्याला.’

म्हणजे शेठची लाकडं पडली जंगलात. शेठ मला जे बोलला ते लिहीत नाही. काटे काय मी पेरले?

वर तो दावीद! लाकडं मोजतो, मिशनच्या शाळेत शिकलाय, म्हणून जीभ लांब. सगळ्यांसमोर म्हणतो, ‘काय घोडेस्वार, आज घोडा तुझ्यावर बसला वाटतं!’ सगळे हसले. हसा लेकहो.

सायकल शेठची, पण चालवतो मी. भाऊ ब्राह्मणपुरीत बैलांमागं चालायला लावत होता, म्हणून तर इतक्या लांब आलो. पुन्हा चालायचंच असेल तर घर काय वाईट होतं?

ता. ७, सोमवार

शुक्रवारी पळालो त्यात पायात काटा मोडला होता. आज पाय सुजला. नारसिंगनं काढला. हा आमच्या लाकडाच्या वखारीचा राखणदार, इथल्याच डोंगरातला म्हातारा. घरात त्यांची बोली वेगळी, माझ्याशी मोडकी अहिराणी बोलतो. ऐकू कमी येतं, म्हणून बोलतोही कमी. कोणी आलं की आधी पाय बघतो, तोंड मग. त्यांच्यात तशीच रीत आहे म्हणे. करदोड्याला चिमटा बांधलेलाच असतो.

‘दखाड,’ म्हणाला — दाखव. एवढंच. पाय मांडीवर घेतला, काटा उपटला. मी बोंबललो तर हसला. मग उठून गेला.

ता. १०, गुरुवार

आज डोकं गरगरतंय! शेठनं करवतीची पाती आणायला नंदुरबारला पाठवलं होतं. तिथे सायकलच्या दुकानात एक चीज बघितली. ट्यूब — पण आत रस भरलेला! दुकानदारानं माझ्या डोळ्यांदेखत चाकात दाभण खुपसला, काढला, चाक गरागरा फिरवलं. हवा जागच्या जागी! रस भोकात जाऊन बसतो आणि घट्ट होतो, म्हणाला. दोन्ही चाकांना घेतल्या. माझ्या पगारातून. शेठ कशाला देतोय!

दुकानदार आणखी काहीबाही सांगत होता — काटा रुतलेला दिसला तर असं कर, चाक तसं कर. पण गाडीची वेळ झाली होती. पळालो. एवढी भारी ट्यूब, तिला वर शिकवणी कशाला? काट्यानं काही होत नाही म्हणजे नाही!

ता. १४, सोमवार

मुद्दाम सराट्यांतून घातली! टायरभर काटे, आणि हवा टंच! टेसनवर गाडीच्या कितीतरी आधी पोचलो. मास्तर म्हणाला, ‘आज कोंबड्यानं तुला उठवलं का तू कोंबड्याला?’

शेठ खूश. म्हणाला, ‘दत्तजयंतीपर्यंत एक दिवस चिठ्ठी चुकली नाही, तर सायकल घेऊन जा सारंगखेड्याच्या जत्रेला. चुकली, तर सायकल दावीदला.’

जत्रेत लोक घोडे नाचवतील. मी घंटी वाजवत मधून जाईन. भाऊ दरसाल जातो. बघू दे त्याला. ‘दोन महिन्यांत परत येशील शेपूट घालून,’ म्हणाला होता!

ता. १८, शुक्रवार

सकाळी उठून बघतो तर मागचं चाक चपटं. रस भरलेली ट्यूब, आणि चपटी! हवा भरली, निघालो. दिवसभर काही नाही. संध्याकाळी ट्यूब काढून पाण्यात धरली. एक बुडबुडा नाही. भोकच नाही!

मग हवा गेली कुठून?

ता. १९, शनिवार

आज पुढचं.

ता. २२, मंगळवार

आज तर दोन्ही! हवा भरून भरून खांदे गेले. मालगाडी सुटता सुटता मास्तरच्या हातात चिठ्ठी कोंबली. थोडक्यात वाचलो.

भोक नाही आणि हवा जाते, म्हणजे कोणीतरी ती मुद्दाम सोडतो. मी झोपल्यावर वाल्व उघडतो. कोणाला हवी सायकल? दावीदला! धरली त्याची कॉलर.

तो शांत. ‘भटू, शनिवारी मी कुठे होतो? रविवारच्या प्रार्थनेसाठी शुक्रवारीच गावी गेलो होतो. तुझं चाक तिथून फुंकर मारून बसवलं का?’

खरं आहे. तेव्हा तो नव्हताच. खरं आहे म्हणून जास्तच संताप आला. कॉलर सोडली, पण ढकलून.

ता. २४, गुरुवार

सापडला!

नारसिंग! दिवेलागणीला विहिरीवरून येत होतो. छपराखाली माझ्या सायकलपाशी उकिडवा बसलेला. एक हात टायरवर, दुसऱ्या हातात चिमटा. माझी चाहूलही नाही त्याला. कान कुठे आहेत!

‘काय करी ऱ्हायना रे?’ मी असा ओरडलो की दावीद बाहेर पळत आला.

म्हातारा दचकला. म्हणाला, ‘काटा व्हता. काढा.’

काटा! म्हणे काटा काढला! ‘या ट्यूबले काट्यानं काहीच व्हत नही! म्हनीसन तर पैसा दीसन लयेल शे! हवा कोन सोडस रोज?’

‘हवा नही काढी. काटा काढा.’ तळहात पुढे केला. हातात काटे होते, चारदोन. मी हातावर फटका मारला. काटे धुळीत. काटे काय, वाटेत कुठेही मिळतात! सापडल्यावर दाखवायला घेऊन बसला असेल.

दावीद म्हणाला, ‘अरे, जरा ऐक तरी त्याचं.’ मी कशाला ऐकू? शेठ आला. त्याला म्हणालो, चिठ्ठी बुडाली तर नुकसान तुमचं, आणि हा रोज चाक बसवतो. शेठनं म्हाताऱ्याला विचारलंसुद्धा नाही. ‘उद्यापासून येऊ नको.’

नारसिंग उभा राहिला. करदोड्याचा चिमटा सोडला, माझ्या सायकलच्या सीटवर ठेवला, आणि अंधारात चालू लागला. शिवी नाही, काही नाही.

चिमटा ठेवून गेला म्हणजे कबूलच केलं की!

ता. २५, शुक्रवार

रात्रीच पुन्हा हवा भरून एक चक्कर मारली होती. सकाळी हवा टंच. बोला आता!

ता. १ डिसेंबर, गुरुवार

तो गेल्यापासून एक दिवस चाक बसलं नाही. दावीदला म्हणालो, ‘बघितलंस?’ तो लाकडं मोजत राहिला. माझ्याशी कोणी धड बोलत नाही. सगळे म्हाताऱ्याच्या बाजूचे! चोर तो, आणि तोंडं वाकडी माझ्यावर!

पायात पुन्हा काटा आहे. टाचेत, खोल. सुईनं टोकरला, निघाला नाही. मरू दे.

ता. ४, रविवार

काय लिहू.

जत्रेसाठी सायकल घासायला बसलो. घंटी चकचकीत केली. टायर बघितलं तर काट्यांनी भरलेलं — म्हटलं, भावासमोर असलं खरुजलेलं चाक नको. म्हाताऱ्याचा चिमटा पडलाच होता. एक काटा धरून उपटला.

सूं.

बारीक, पण मला ऐकू आलं. त्याला आलं नसतं. बोट दाबलं. बोट काढलं की पुन्हा सूं. तसाच बघत बसलो. चाक खाली बसत बसत गेलं, सकाळी असायचं तसं. चपटं.

हवा भरली, लगेच एक चक्कर मारली. थांबलं. पाण्यात धरलं. बुडबुडा नाही. भोक नाही.

दुकानदार हेच सांगत होता. काटा उपटला तर लगेच चाक फिरव, तरच रस तिथवर जातो. उभ्या चाकात रस खाली साचलेला, भोक वर. रात्रभर हवा जाणार. सकाळी मी हवा भरून निघालो की रस भोकात.

म्हातारा रोज काटे काढत होता. माझ्या पायातला काढला तसा. दिवसभर फिरून सायकल लांबून येते, तिचेही पाय बघत होता! आणि खरं बोलत होता. तळहातावर धरून दाखवत होता!

मूर्ख! गाढव! गाडी पकडायची होती मला! दोन शब्द ऐकून घ्यायला काय जात होतं? तेव्हा दुकानदाराचं नाही, आणि मग नारसिंगचंही नाही! दाभण माझ्या डोक्यात खुपसायला हवा होता.

ता. ५, सोमवार

चिठ्ठी देऊन आलो आणि शेठला सगळं सांगितलं. दावीदसमोर सांगितलं. काटा उपटून, चाक फिरवून दाखवलं. शेठ हसला! ‘भारी ट्यूब आहे रे! आता जत्रेला जा खुशाल.’

म्हणालो, नारसिंगला परत आणतो.

‘नवा राखणदार ठेवलाय, कानानं चांगला आहे.’

‘मग त्याला निदान सांगून तरी येतो. गाव डोंगरात आहे, जाऊन यायला दिवस मोडेल.’

‘आणि चिठ्ठी? जत्रेच्या अगोदर चुकली तर काय बोललोय, आठवतंय ना?’

आठवतंय! सगळं आठवतंय! सायकलची चावी त्याच्या ओट्यावर आपटली. दावीदनं उचलली नाही. शेठनं उचलून त्याच्या हातात दिली. दावीद माझ्यामागं आला, हळूच म्हणाला, ‘नदीच्या पलीकडून जा. अलीकडे सराटे फार आहेत.’

अलीकडूनच जाईन.

ता. ७, बुधवार, दत्तजयंती

गेलो. पायी. नारसिंग घरी नव्हता. त्याची बायको मंगळीबाई म्हणाली, ‘तो गया. सोनगडकडे, लाकडं तोडाले.’ मी कोण ते सांगितलं. काय केलं तेही सांगितलं. ओरडूनच सांगितलं, दुसरं येतंय कुठे मला. चिमटा पुढे धरला. तिनं घेतला. माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. लंगडत आलो होतो, पायाकडे बघितलं.

‘बठ,’ म्हणाली. ‘दखाड.’

टाचेतला काटा काढून दिला. एक शिवी तरी द्यायची, बाई!