दोन वाट्या तांदूळ

बोरीवली, १२ जानेवारी २०२५

ती. राधाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं कानाचं यंत्र फोनवर शिट्ट्या मारतं म्हणून तू मला पत्रं लिहायला लावलंस. अक्षर सुधारलं, बाकी प्रगती नाही. कंपनीत तपासणी झाली, त्यात माझी तीन महिन्यांची सरासरी साखर आठ पूर्णांक एक निघाली. डॉक्टर वसुधांनी एक गोळी सुरू केलीय. एप्रिलमध्ये पुन्हा तपासू, उतरली नाही तर पुढचं बघावं लागेल, म्हणाल्या. पुढचं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. बाबांचा पाय कापला तेव्हा मी दहावीत होतो.

गंमत म्हणजे मी चहा बिनसाखरेचा पितो, बाहेरचं खात नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा स्वयंपाक माझ्याकडे आला, तो ती गेल्यावरही रोज करतो. डॉक्टरांनी झोपेचं विचारलं. मरोळचं आमचं युनिट भिवंडीला हलतंय आणि कोणते बारा जण कमी करायचे, ती यादी मालकाने माझ्या गळ्यात मारलीय. वीस वर्षं ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांचीच नावं लिहायची. झोप कुठली येणार? सतत ताण असला की शरीर स्वतःहून रक्तात साखर सोडत राहतं, असं डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे न खाताही वाट लागली.

तुझी माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
हर्षद

कुडाळ, २१ जानेवारी

चि. हर्षद यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव घाबरा झाला. यादीचं दुखणं मला कळतं रे, पण मेल्या, सगळं खापर ताणावर फोडू नकोस. घरचंच खातो, हे बाबाही शेवटपर्यंत सांगायचे. दिवाळीच्या फोटोत तुझ्या शर्टाची बटणं देवाचं नाव घेत होती. संध्याकाळी काय शिजवतोस, किती शिजवतोस आणि किती उरतं, ते मोजून लिही. थापा नकोत.

इकडे मी बरी. आमचा चिरंजीव अनय पुण्याहून रविवारी फोन करतो. तो बोलतो आणि मी ऐकू न येता हो हो म्हणते. दोघांचंही समाधान होतं.

गोळी चुकवू नकोस. इथून माझं लक्ष आहे.

तुझी ताई

बोरीवली, ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हुकुमाप्रमाणे मोजलं. पाळी संपवून सहाला घरी येतो. मग पितळी वाटीने दोन वाट्या तांदूळ, चार पोळ्या, एक भाजी, आमटी. बुधवारी नि रविवारी दोन बांगडे. आधी थोडं खातो, मग यादी घेऊन बसतो, आणि नाव खोडता खोडता उरलेलं संपवतो. अन्न टाकायचं नाही ही आईची शिस्त, म्हणून उरत काहीच नाही. यात गोड काय आहे सांग? यादीत नऊ नावं झाली. पॅकिंगमधल्या धाकूचं नाव तीनदा लिहून तीनदा खोडलं.

राग मानू नकोस, मानलास तर लिहून कळव.

तुझा,
हर्षद

कुडाळ, १२ फेब्रुवारी

चि. हर्षद यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी पडवीत बसून रडले. अरे, पितळी वाटीने दोन वाट्या, चार पोळ्या, दोन बांगडे, हे तुझं आणि आईचं माप आहे. आईला जाऊन सहा महिने झाले, हर्षद. तू अजून दोघांचं शिजवतोस आणि तिच्या वाटणीचंही तूच खातोस. डॉक्टरांना हे कसं कळणार? त्यांनी काय खातोस विचारलं, किती जणांचं ते नाही विचारलं.

मी रागावत नाही. हे गेल्यावर मीही वर्षभर दोन कप चहा टाकत होते. उद्यापासून एकच वाटी लाव, तीही पाऊण. भाजी वाढव, जेवून सोसायटीच्या बागेत फेऱ्या मार. आणि ती यादी घरी आणू नकोस. तुझ्या पायांवर मला तू उभा हवा आहेस. आता माहेरचं माझं दुसरं कोण आहे?

जप स्वतःला. हे सांगणं नाही, मागणं आहे.

तुझी ताई

बोरीवली, २० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी पाऊण वाटी लावली आणि पातेलं बघून ओट्यापाशीच रडू कोसळलं. पण केलं. रोज केलं. बागेत रोज फेऱ्या मारल्या. यादीचं मालकाला सांगून टाकलं, नावं तुम्हीच काढा. त्यांनी काढली, त्यात धाकू निघाला. सगळ्यांना वाटतं ती नावं मीच दिली. धाकू जाईपर्यंत माझ्या शेजारी डबा उघडला नाही त्याने. तरी झोप येते आता.

आज रिपोर्ट आला. सहा पूर्णांक आठ. डॉक्टर खूश झाल्या. म्हणाल्या, घरी सांगा, घरच्यांनी फार चांगली काळजी घेतली. मी बरं म्हटलं आणि घरी येऊन हे पत्र लिहायला बसलो.

पाय शाबूत राहणार, ताई, तू काळजी सोड. फक्त एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. एका माणसाचं जेवण सात मिनिटांत संपतं. सव्वासातला ताट धुऊन होतं, आणि मग पुढे पूर्ण संध्याकाळ उरते.

उत्तर लवकर लिही. मोठं लिही.

तुझा,
हर्षद