विकराला लागलेला काना

केदारखेडा,
६ फेब्रुवारी २०२४

चि. रूपालीस भागवतकाकाचे मनापासून आशीर्वाद.

काल सकाळी तांब्या घेऊन मारुतीला पाणी घालायला गेलो आणि पाणी न घालताच परत आलो. देवळाच्या भिंतीवर तुझा फोटो लावलाय, देवाहून मोठा. अंगात पांढरा कोट, पुण्याच्या प्रयोगशाळेतला. खाली मोठ्या अक्षरांत ‘मानवी विकारांवर स्फटिक’. आणि त्याखाली टेबल मांडून तुझे वडील माळा विकत बसलेले.

झालं असं. तुझ्या सत्काराची बातमी जालन्याच्या एका साप्ताहिकानं छापली, तेव्हा तू सांगितलेल्या ‘विकर’ शब्दाला काना जोडून दिला. मी तुझ्या वडिलांना, बद्रीनाथदादाला, चूक दाखवली. तो हसला, “एका कान्यानं काय बिघडतंय, गुर्जी?” मी कुठला गुरुजी, गावच्या शाळेत शिकलेला माणूस, शुद्धलेखन काढतो म्हणून तो मला तसं चिडवतो.

माळा जुन्या जालन्यातून घाऊक आणतो, साध्या काचेच्या. पोरीनं किरण सोडून सिद्ध केल्यात, गळ्यात घातली की साखर उतरते, असं सांगतो. लोक माळ घेऊन आधी मारुतीच्या पायाला लावतात. मला शिसारी आली. नैवेद्याच्या ताटात कुणी थुंकावं तसं वाटलं.

फोनवर हे बोलता येत नाही, दादाच्या आणि माझ्या घरामध्ये पत्र्याचीच भिंत आहे. पण तुम्ही स्फटिक करता हे तर खरं ना? मग दादाला काय सांगू, तेवढं मला समजेल असं लिही.

नंदाकाकू विचारते की जेवतेस वेळेवर, की त्या सूक्ष्मदर्शकातच डोळे घालून बसतेस.

तुझ्या चार ओळींची वाट पाहणारा,
भागवतकाका

पुणे,
१२ फेब्रुवारी २०२४

ती. काकांना शि. सा. न.

तुमचं पत्र वाचून जेवण गेलं नाही, पण हे काकूला कळवू नका.

हो, आम्ही स्फटिक करतो. आपल्या यकृतात साखर हाताळणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते शुद्ध करून थेंबाथेंबात ठेवायचं आणि वाट पाहायची. नशिबात असलं तर स्फटिक धरतो, मिठाच्या कणाहून बारीक आणि इतका नाजूक की बोट लागलं तर चुरा होतो. गळ्यात कुठला घालणार! त्यावर क्ष-किरण सोडले की ते विखुरतात आणि पलीकडे ठिपके उमटतात, रांगोळीचे असावेत तसे. त्या ठिपक्यांवरून गणित करून विकराचा आकार काढायचा, इतकंच माझं काम. आकार कळला तर पुढे कुणी त्यात नेमकं बसेल असं औषध शोधेल. माझ्या स्फटिकानं आजवर कुणाचं डोकं दुखायचंसुद्धा थांबलेलं नाही.

बाबांना मी फोन केला होता. म्हणाले, तुझ्या शिक्षणाचा गावाला काही उपयोग नको का. मी गप्प झाले, तर त्यांना वाटलं मला पटलं. तो फलक आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख संध्यामॅडमनी कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिला. माझी संमती आहे का, असं त्यांनी विचारलं. काका, मला स्वतःच्या नावाचीच किळस येतेय.

पण ते राहू द्या. शेजारच्या मालनमावशींच्या साखरेच्या गोळ्या चालू आहेत ना? तेवढं आधी बघा.

रागावलात तरी माया तोडू नका,
रूपाली

केदारखेडा,
२३ फेब्रुवारी २०२४

चि. रूपालीस आशीर्वाद.

तुझं पत्र हातात घेऊनच मालनबाईकडे गेलो. घरात उदबत्ती होती, तरी दारातच वास आला. माळ घेतली त्या दिवसापासून गोळ्या बंद. पायाची जखम तिनं फडक्यात लपवली होती. बोट काळं पडलेलं, कडेला पू. मी ओरडलो तर ती शांतपणे म्हणाली, “आपल्या रूपीनं केलीय म्हणून घातली रे. बाजारातली असती तर घातली नसती.”

जालन्याच्या दवाखान्यात नेलं. बोट काढावं लागलं, पाय वाचला. आता गोळ्या घेते आणि मला शिव्या देते, म्हणजे बरी आहे असं समज.

परत येऊन दादाला सगळं सांगितलं. वाटलं, टेबल उचलेल. तो म्हणाला, “आंघोळीला माळ काढून ठेवली असंल तिनं. तिचीच चूक हाये.” आणि पुढच्या गिऱ्हाइकाला माळ काढून दिली, मारुतीच्या समोर. माणसाच्या कुजण्याचा वास मी सोसला. हे सोसवलं नाही.

दर दसऱ्याला दादाच्या पाया पडत आलोय, म्हणून काही दिवस नुसता नामजप करत बसलो. देवानं काही सांगितलं नाही. त्याला सांगायचं होतं ते मालनबाईच्या पायानं आधीच सांगून टाकलं होतं.

बापावर राग धर, पण त्याला टाकू नकोस. आणि आता जे लिहितोय ते वाचून माझ्यावरची माया आटली, तरी मी तुला दोष देणार नाही.

आज भोकरदनच्या पोलीस ठाण्यात गेलो. माळ विकणाऱ्याचं नाव विचारलं, ते सांगितलं. तुमचा कोण लागतो, असं विचारलं. सख्खा थोरला भाऊ, असं लिहायला सांगितलं आणि तक्रारीखाली सही केली.

भागवत