‘परिणाम : आढळून आला नाही’ या शेऱ्याबद्दल

प्रति,
मा. प्रमुख,
संशोधन मूल्यमापन कक्ष,
कर्करोग संशोधन संस्था व रुग्णालय.

विषय : माझ्या सेवापुस्तकातील शेरा निवृत्तीपूर्वी दुरुस्त करून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाचे गेल्या आठवड्याचे पत्र (माझ्या दाराखालून आत सरकवलेले).

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी या संस्थेत फुप्फुसाच्या कर्करोगावर आयुष्यभर संशोधन केले असून या महिनाअखेर सेवानिवृत्त होत आहे. माझ्या मुख्य शोधनिबंधाचा इतर संशोधकांनी जवळपास कुठेच संदर्भ दिलेला नाही, या कारणास्तव आपण माझ्या सेवापुस्तकात ‘परिणाम : आढळून आला नाही’ असा शेरा मारला आहे. संदर्भ नाहीत, हे मला मान्य आहे. शेरा मान्य नाही.

२. पूर्वी फुप्फुसाची गाठ काढलेल्या प्रत्येक रुग्णाला रोज दुपारी चार वाजता छातीतल्या नळीतून एक औषध सोडले जाई. त्याने गाठ परत येत नाही, असा समज होता. औषध आत गेले की आतून आग आग व्हायची. माझ्या थोरल्या भावालाही ते दिले गेले. दादा कधी कोणापुढे रडलेला माणूस नव्हे. पण चार वाजले की माझा हात धरून लहान पोरासारखा ओरडायचा. एवढे सोसूनही गाठ परत आली आणि दादा गेला. घरात आम्ही दोघेच होतो.

३. त्यानंतर मी ते औषध घेतलेले आणि न घेतलेले रुग्ण वर्षानुवर्षे तपासले. दोघांत काडीचाही फरक नव्हता. तसे लिहून प्रसिद्ध केले. औषध आधी आपल्याकडे बंद झाले, मग हळूहळू इतरत्रही. आणि महोदय, इथेच घोडे पेंड खाते. जी गोष्ट बंदच पडली तिच्यावर पुढे कोण कशाला लिहील? विषय मिटला, त्याबरोबर माझा निबंधही विस्मरणात गेला.

४. याउलट माझ्या शेजारच्या खोलीतील सहकाऱ्यांचा निबंध साफ चुकीचा निघाला. तो खोडून काढण्यासाठी शेकडो निबंध लिहिले गेले व प्रत्येकात त्यांचे नाव आले. आपल्या कक्षाने त्या सगळ्या शिव्या ‘प्रभाव’ म्हणून मोजल्या आणि त्यांना मानचिन्ह दिले. मीही टाळ्या वाजवल्या. माणूस चांगला आहे. याबाबत आपल्या लेखनिकांकडे विचारणा केली असता त्यांनी आपुलकीने सांगितले, “मॅडम, तुम्ही त्यात थोडी चूक ठेवायला हवी होती.” हा कक्षाचा अधिकृत सल्ला आहे काय, हे कृपया लेखी कळवावे.

५. खोली रिकामी करण्याबाबत माझी तक्रार नाही. सूक्ष्मदर्शकाचा डावा स्क्रू अडतो, त्यावर जोर लावू नये, एवढे पुढच्याला सांगावे. खोटे कशाला बोलू, मला खोली सोडवत नाही. घरी बोलायला कोणी नाही. इथे निदान कोणीतरी चुकून दार उघडते आणि “सॉरी हं” म्हणते. तरी हा या अर्जाचा विषय नसल्याने जास्त लिहीत नाही.

६. ज्यांना रोज चार वाजता दादाला ते औषध द्यावे लागे, त्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर परवा जिन्यात भेटल्या. त्यांना शेरा सांगितला. त्या जिन्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं बाई! त्यांना म्हणावं, चार वाजता वॉर्डात या.” त्यांचे म्हणणे मी खालीलप्रमाणे आपणापुढे ठेवत आहे.

सबब नम्र विनंती की, शेरा कायम करण्यापूर्वी आपण एकदा दुपारी चार वाजता प्रत्यक्ष पाहणीसाठी वॉर्डात यावे. दाराबाहेरच्या बाकावर मी असेन, रोजच असते. माझ्याशेजारी जागा असते. दहा मिनिटे बसावे. आत कोणी पेपर चाळत असेल, कोणाचा डोळा लागलेला असेल. आपल्याला काहीही ऐकू येणार नाही.

तेवढे सेवापुस्तकात लिहावे.

आपली नम्र व वाट पाहणारी,
(सही)
संशोधक, खोली क्र. नऊ, महिनाअखेरपर्यंत

दिनांक : निवृत्तीपूर्वीचा शेवटचा सोमवार

सोबत :
१. शोधनिबंधाची प्रत (परत करण्याची घाई नाही, दुसऱ्या कोणी मागितलेली नाही).
२. खोलीची किल्ली.