मशीन उघडल्याशिवाय कळत नाही

४ फेब्रुवारी, सकाळी ९.२०

कॉम्प्युटर सुरू होत नाही. बटण दाबलं की पंखा फिरतो, हिरवा दिवा लागतो, स्क्रीन मात्र काळीच. दोन मिनिटांनी खट्ट आवाज होऊन सगळं बंद. ही म्हणाली, पुलाजवळच्या रिपेअरिंगच्या दुकानात नेऊ या. मला हसू आलं. एकतीस वर्षं प्लँटमध्ये मेंटेनन्सचा फोरमन होतो. कंप्रेसर, बॉयलर, चाळीस टनी प्रेस, सगळी माझ्या हाताखालून गेलेली. आता एका पत्र्याच्या डब्यासाठी बाहेरचा माणूस बोलवायचा?

आमच्या खात्याचा नियम होता. आपल्या मशीनला बाहेरचा हात लागू द्यायचा नाही. लागला की खात्याची अब्रू गेली. मी रिटायर झालो म्हणून नियम रिटायर होत नाही.

संकल्प: १. आजच्या आज दुरुस्ती. २. प्रत्येक स्टेपची लेखी नोंद. ३. चिडायचं नाही.

दुपारी १२.१५

उघडला. आत बोटभर धूळ. रंगाच्या ब्रशने साफ केली. रॅम नावाची एक पट्टी असते, तिची पिवळी टोकं खोडरबरने घासली. सगळे स्क्रू बशीत काढून ठेवले होते. परत जोडल्यावर दोन उरले. कंपनीवाले दोनचार जास्तच लावतात.

सुरू नाही.

५ फेब्रुवारी

संकल्प क्र. १ मध्ये 'आजच्या आज' ऐवजी 'या आठवड्यात' अशी सुधारणा.

हिचं टुमणं चालू आहे. आत हिचे पाठ आहेत. ही बत्तीस वर्षं कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवत होती. ऐकू न येणाऱ्या मुलाला बोलायला कसं शिकवायचं, यावर नव्या शिक्षकांसाठी सहा वर्षं बसून एकशे बारा पाठ लिहिलेत. ओठांची, जिभेची चित्रंसुद्धा माऊसने स्वतः काढली आहेत. २८ तारखेला छापखान्यात द्यायचे आहेत. शेवटचे आठ तपासायचे राहिलेत.

म्हणाली, मला कॉम्प्युटरशी देणंघेणं नाही, माझे पाठ तेवढे काढून द्या, दुकानातली बाई डिस्क काढून तासाभरात कॉपी करून देते. मी समजावलं की पेशंटचा हात कापून आणला म्हणजे पेशंट बरा होत नाही. म्हणाली, मला पेशंट नकोय, हातच हवाय. बायकांना सिस्टीम कळत नाही.

७ फेब्रुवारी

लॉजिक लावलं. प्लँटमध्ये बिघाड सापडत नसला की चांगल्या मशीनचा पार्ट काढून बिघडलेल्यात लावायचा. चाललं तर पार्ट खराब, नाही तर दुसरं काही. साधी गोष्ट. साडूकडे गेलो. त्यांच्या कॉम्प्युटरमधली रॅमची पट्टी मागितली. मेहुणी आत जाऊन नवऱ्याशी बराच वेळ कुजबुजली. शेवटी दिली.

लावली. सुरू नाही. म्हणजे माझी पट्टी चांगली आहे. प्रगती.

८ फेब्रुवारी

पट्टी परत नेऊन लावली. आता साडूंचा कॉम्प्युटर सुरू होत नाही. साडू म्हणाले, काल सकाळपर्यंत चालत होता. मी म्हटलं, माणूससुद्धा काल सकाळपर्यंत चालत असतो. त्यांना विनोद झेपत नाही. पट्टी मुळातच हलक्या कंपनीची असणार.

घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. आता दोन दुरुस्त्या.

१० फेब्रुवारी

मुलीचा फोन. आईने तिला सगळं सांगितलेलं दिसतं. म्हणाली, बाबा, यात कमीपणा कसला, दुकानात द्या. मी म्हटलं, तुझी सायकल, तुझा टेबललॅम्प, तुझ्या खोलीतला पंखा कोणी दुरुस्त केला? ती म्हणाली, पंखा आम्ही नवीन आणला होता, बाबा.

प्लँटमध्येही शेवटी हेच झालं. लॅपटॉपवाला इंजिनियर आला. मशीनला हात न लावता खुर्चीत बसून बिघाड सांगायचा. साहेब लोक त्याच्याभोवती गोळा. मी तेलाने भरलेले हात घेऊन मागे उभा. निरोपाच्या समारंभात साहेबांनी पंधरा मिनिटं नव्या मशीनची माहिती दिली. माझ्याबद्दल म्हणाले, जुने, अनुभवी. मग सगळे चहाकडे वळले. चिडत नाही, नोंद करतोय.

१२ फेब्रुवारी, सकाळी १०.०५

सुरू झाला. बाजूच्या पत्र्यावर तळहाताने दोनदा ठोकलं, तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि स्क्रीनवर अक्षरं आली. हिला हाक मारली. ओल्या हातांनी आली, दारात उभी राहिली. डोळे पाणावले होते. मी म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, आता आधी पाठ कॉपी करून घ्या, दुसरं काही करू नका. आणि बाजारात गेली.

आपला हात जगन्नाथ.

१०.५०

हिची एक जास्तीची डिस्क आहे, कपाटात लोकरी कपड्यांखाली ठेवलेली. दर महिन्याला पाठांची कॉपी त्यात ठेवते. शेवटची जानेवारीतली. म्हटलं, ती यायच्या आत त्यातच ताजी कॉपी करून ठेवू, आल्यावर हातात देऊ. वायर लावली. डिस्कचा छोटा दिवा लागला, जरा जास्तच लख्ख लागला. मग जळका वास. मग खट्ट. कॉम्प्युटरही बंद.

११.३०

डिस्क गार झाल्यावर होती तशी लोकरी कपड्यांखाली ठेवली. खिडक्या उघडल्या. हिला लगेच सांगून दिवस कशाला घालवायचा? योग्य वेळ बघून सांगेन. ती आल्यावर कॉम्प्युटर परत बंद पडला एवढं मात्र सांगितलं. हातातली पिशवी तशीच घेऊन बराच वेळ उभी होती.

१३ फेब्रुवारी

योग्य वेळ नव्हती. हिचं डोकं दुखत होतं.

१४ फेब्रुवारी

योग्य वेळ नव्हती. साडू आले होते, स्वतःच्या कॉम्प्युटरची चौकशी करायला. त्यांच्यासमोर कसं सांगणार?

१५ फेब्रुवारी

दुपारी चहा घेताना योग्य वेळ होती. ही शाळेतल्या एका मुलीची गोष्ट सांगत होती. सात महिने ही रोज तिच्यासमोर आरसा धरून बसली, तेव्हा त्या मुलीच्या तोंडून 'आई' निघालं. म्हणाली, त्या पाठावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली आहे. मी दुसरा कप मागितला.

१६ फेब्रुवारी

ही म्हणाली, पुरे झालं, उद्या जास्तीची डिस्क घेऊन शाळेत जाते, मुख्याध्यापिकाबाई दुपारची एक खोली द्यायला तयार आहेत. महिन्याभराचं काम परत करावं लागेल, पण ते जमेल. मी म्हटलं, आणखी दोन दिवस दे. म्हणाली, बारा दिवस दिले.

संकल्प: उद्या सकाळी ती निघायच्या आत सांगायचं.

१७ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

झोपून राहिलो. ती गेली होती.

संध्याकाळी ५.१५

चार वाजता आली. डिस्क टेबलावर ठेवली. शाळेत तिघींनी तीन कॉम्प्युटरवर लावून पाहिली, दिवासुद्धा लागला नाही. मला विचारलं, तुम्ही या डिस्कला हात लावला होतात का. मी म्हटलं, मी कशाला लावू? या पोर्टेबल वस्तू नाजूकच असतात, कपाटात दमट लागलं असेल. ती माझ्याकडे बघत राहिली. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो. तहान नव्हती.

खोटं नव्हे म्हणा. कपाट दमट आहेच.

१८ फेब्रुवारी

आता सगळं आतल्या मूळ डिस्कवर आहे. म्हणजे माझ्यावर आहे. ही सकाळीच बहिणीकडे गेली आहे. डिस्क काढून हातात घेतली, वायर लावून कानाशी धरली. फिरल्याचा आवाज नाही. निदान: बेअरिंग जाम. प्लँटमध्ये अशा किती मोटरी मी सोडवल्या त्याला गणती नाही. मशीन उघडल्याशिवाय कळत नाही, हे मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवायचो.

डिस्कच्या झाकणावर उघडू नका असं छापलं आहे. असं सगळ्यावरच छापतात, नाही तर त्यांचे मेकॅनिक खाणार काय. उघडलं. आत आरशासारखी चकती. सुंदर वस्तू. माझं तोंड दिसलं त्यात. बोटाने फिरवून पाहिली, जड वाटली. मधोमध शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खबरदारी म्हणून दुसरा. सांडलेलं तेल धुतलेल्या फडक्याने पुसून घेतलं. आता लोण्यासारखी फिरते.

एकतीस वर्षांत तेल घातल्यामुळे बिघडलेलं मशीन मी पाहिलेलं नाही. झाकण बसवलं. या वेळी स्क्रू उरला नाही.

सुरू नाही.

२० फेब्रुवारी

हिने मला न विचारता दुकानातल्या बाईला घरी बोलावलं. हिचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. तिशीची असेल. ऐकू येत नाही, हातांनी बोलते. दोघी दारातच भराभरा हातांनी बोलायला लागल्या. ही हसलीसुद्धा. किती दिवसांनी हसली. मी मधे उभा, काहीच कळत नव्हतं. माझ्याच घरात मी परका.

बाईने मीटर काढला, दोन वायरींना टोकं लावली, आकडा पाहिला, मान हलवली. चार मिनिटं. कागदावर लिहून दिलं: पॉवर सप्लाय खराब. जास्त व्होल्टेज सोडतोय. यात जे लावाल ते जळेल. पहिल्या दिवशी बदलला असता तर पंधरा मिनिटांचं काम.

मी कागद दोनदा वाचला. साडूंची पट्टी आठवली. कपाटातली डिस्क आठवली. वीज कुठून येते ते आधी तपासा, हेही मीच नव्या पोरांना शिकवायचो. दुसऱ्या दिवशी.

मग तिने मूळ डिस्क हातात घेतली. खालची बाजू बघून लिहिलं: बाहेरची सर्किटची पट्टी जळली आहे, ती बदलता येते, आतला डेटा बहुतेक शाबूत असेल. हिने हात जोडले. बाईने डिस्क उलटी केली आणि थांबली. झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, झाकण काढलं. माझ्याकडे पाहिलं नाही. हिच्याकडे पाहिलं, आणि फार हळू, दोन-तीन खुणा केल्या. हिने एक लहानशी खूण केली.

ती गेल्यावर मी विचारलं, काय म्हणाली. ही म्हणाली, आता काही मिळणार नाही म्हणाली, आणि विचारत होती की तेल कोणी घातलं. मी विचारलं, मग तू काय सांगितलंस. म्हणाली, मी सांगितलं, मला माहीत नाही.

आपल्या हाताखाली बोलायला शिकलेल्या मुलीशी ती माझ्यासाठी खोटं बोलली. मला लाज वाटली. हे लिहितानाही वाटते आहे.

२१ फेब्रुवारी

सगळं कबूल केलं. कपाटातल्या डिस्कचंही. म्हणाली, माहीत होतं, लोकरी कपड्यांना जळका वास येत होता. वाट बघत होते तुम्ही सांगाल म्हणून.



२८ फेब्रुवारी

आज छापखान्याची तारीख. हिने फोन करून काम पुढे ढकलायला सांगितलं. ते म्हणाले, मग पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, तू तोंडी सांग, मी टाइप करतो, दोघं मिळून लवकर होईल. तिने शांतपणे सांगितलं की नको, मी शाळेतच बसेन, तिथे मला बरं पडतं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

९ मार्च

बाईने नवा पॉवर सप्लाय आणि नवी डिस्क बसवून दिली. उरलेले दोन स्क्रूही त्यांच्या जागी गेले. साडूंना नवी पट्टी पोचवली, मेहुणीने दारातूनच घेतली.

ही रोज दहाला शाळेत जाते, साडेपाचला येते. आठवून आठवून परत लिहिते आहे. आज विचारलं, कितवा पाठ. म्हणाली, चौथा. बरीचशी चित्रं आठवत नाहीत म्हणाली. मग जेवायला वाढलं.

ती सकाळी गेल्यावर कॉम्प्युटर लावून पाहिला होता. अकरा सेकंदांत सुरू झाला. बंद करून परत लावला. अकरा. इतका चांगला तो कधीच चालत नव्हता. हाक मारून दाखवावं तर घरात कोणी नव्हतं, आणि उघडून बघावं असं आत काही नव्हतं. बंद केला.