शांत डोक्याने रूनेला आडवं करणे

६ जानेवारी, मंगळवार. सकाळी ७.१०

नवी वही. रेघांमधलं अंतर आठ मिलिमीटर, असं दुकानदार म्हणाला होता. मोजलं. सात आहे. माणसं काहीही ठोकून देतात.

ठराव: या वर्षी डोकं शांत ठेवायचं. सप्टेंबरात निवडणूक. देश मधोमध फाटलाय, दोन्हीकडचे चॅनल दिवसभर ओरडतायत आणि लोक ऐकलेलं तसंच्या तसं ओकतायत. अशा वेळी गावात एक तरी माणूस भानावर हवा. आमच्या गावात तो मी. दुसरं नाव डोळ्यासमोर येत नाही.

रूनेचा मला राग नाही. हे आधीच लिहून ठेवतो. नाताळच्या जेवणात या माझ्या मेहुण्याने, बायकोच्या सख्ख्या भावाने, अकरा माणसांदेखत (पोरं धरून चौदा) म्हटलं, "सिक्स्टनला त्याचा चॅनल सकाळी किल्ली देतो, मग तो दिवसभर वाजतो." सगळे हसले. सासूबाई तर इतक्या हसल्या की काट्यावरचा मासा मांडीवर पडला. मी हसलो नाही. घड्याळ बघितलं. ४ वाजून २० मिनिटं.

राग नाही, पण माफी हवी. चारचौघांत. ती मिळेपर्यंत बोट पाण्यात जाणार नाही.

बोट म्हणजे 'एब्बा'. मी आणि रूनेने १९९८ साली दोघांच्या हातांनी बांधलेली लाकडी बोट. सासूबाईंचं नाव दिलं, तेव्हापासून त्या तिच्यात बसत नाहीत. दर मे महिन्यात ती आम्ही दोघं उचलून तळ्यात सोडतो. मागच्या उन्हाळ्यात रूनेची कंबर धरली म्हणून ती जमिनीवरच राहिली. आणखी एक उन्हाळा कोरडी राहिली, तर फळ्या सुकून उघडतील आणि बोट जळणात जाईल. हे रूनेलाही ठाऊक आहे. म्हणूनच तो वाकणार.

९ जानेवारी, शुक्रवार

संध्याकाळी सहाच्या आत बातम्या ऐकायच्या नाहीत, असं ठरलंय. सकाळी ६.५५ ला ऐकल्या. फक्त हवामानासाठी. हवामानाच्या आधी बातम्या लावतात, त्याला मी काय करू?

इंटरनेटवरचं रूनेचं पान आज ३१ वेळा उघडलं. केवळ पुरावा म्हणून.

२० जानेवारी, मंगळवार

दुसरी बाजूही वाचायची, हा नवा ठराव. रूनेच्या आवडीचा पेपर घेतला आणि निर्मळ मनाने सव्वा मिनिट वाचला. खोटा निघाला. आमच्या चॅनलवर संध्याकाळी नेमकं हेच सांगितलं. माझी पारख आणि चॅनलची पारख स्वतंत्रपणे जुळते, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ६.४०

रूने नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रॅक्टर चालवतो. आज माझ्या फाटकापुढे त्याने बर्फाचा बांध सोडला. उंची ६४ सेंटिमीटर. शेजारच्यांच्या दारात ४०. फोटो काढला, मोजपट्टी लावून.

गुनवोर म्हणाली, "अरे, आपलं घर वळणावर आहे, तिथे दरवर्षी जास्तच साचतो." बायको माझी, पण रक्त त्यांचं. तिचं म्हणणंही रूनेच्या फाईलला लावलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सुचलं! आंघोळ करताना सुचलं.

अभ्यासमंडळ काढायचं. आपल्या देशात तीन माणसं आणि कॉफीचा थर्मास असला की कशाचंही अभ्यासमंडळ निघतं, ग्रंथालय खोली देतं. मी शेवाळं ओळखायला असाच शिकलो, आकाशातले ग्रहही असेच. लाकूडगिरणीत ओंडके मोजतो तेही कोणत्या शाळेत शिकलो नाही. साल न काढता बघून व्यास सांगतो, अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकाने. ज्याला ओंडका कळतो त्याला बातमी कळते.

मंडळाचं नाव 'शांत डोकं'. प्रचाराच्या गदारोळात भान कसं राखावं, चार बैठका. चौथ्या बैठकीत एक नमुना अभ्यासायचा: रूने. त्याने पसरवलेल्या ४६ खोट्या पोस्टी, क्रमवार, तारखांसकट. आणि तो समोर बसलेला. उठून माफी मागण्यावाचून त्याला जागाच राहणार नाही.

अडचण एकच. ग्रंथपालबाई म्हणाल्या, चालक सोडून तीन माणसं लागतात. गुनवोर येईल, तिला विचारलेलं नाही. ह्योर्डिस मावशी येतील, एकोणऐंशीच्या आहेत, गरम खोली कुठलीही चालते त्यांना. तिसरा रूनेच. त्याच्याशिवाय मंडळ उभं राहत नाही.

१० मार्च, मंगळवार. पहिली बैठक

रूने आला. गुनवोरने वेलदोड्याचे बन केलेत, हे त्याला कसं कळलं, तपासतो.

मी पाच कसोट्या वाटल्या. एक, तारीख बघा. दोन, कोण सांगतंय ते बघा. तीन, दुसरीकडे पडताळा. चार, वाचून राग आला तर थांबा. पाच, वाचून आनंद झाला तर जास्त थांबा.

रूने तोंडात बन धरून म्हणाला, "मास्तर, पाचवी झकास आहे हां. कुठून आणलीत?" मी म्हटलं, माझी आहे. (पुस्तकातली आहे. पण तिथे ती सातवी होती. पाचवी मी केली.)

ह्योर्डिस मावशी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात होत्या. म्हणाल्या, "पोरांनो, अख्ख्या तालुक्याची भांडणं मी जोडून दिलीत. दोन्ही टोकांना एकच वाक्य असायचं, 'सुरुवात त्याने केली.'" सगळे हसले. मी विषयाकडे वळवलं.

२४ मार्च, मंगळवार. दुसरी बैठक

विषय: शांत श्वास. सगळ्यांची नाडी मोजली. रूने ६१. मी ९६. यंत्र बिघडलंय.

कॉफीच्या वेळी रूने म्हणाला, "शनिवारी येतोस का? बोटीवरची ताडपत्री फाटलीय. डांबर मी आणलंय." मी म्हटलं, आधी माफी. तो म्हणाला, "कसली रे?"

त्याला आठवतही नाही! तीन महिने मी एकटाच हा अपमान सांभाळतोय, आणि ज्याने केला तो मोकळा फिरतोय. शिक्षा दुप्पट. सगळ्या ४६ पोस्टी मोठ्या अक्षरात छापणार.

गुनवोर घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. श्वासाचा परिणाम दिसतोय.

१ एप्रिल, बुधवार. सकाळी ६.२०

सापडले! आपल्या स्थानिक पेपरात, पहिल्याच पानावर. नगरपालिकेने (म्हणजे रूनेच्याच टोळीने, बहुमत त्यांचं आहे) ठरवलंय की १ मेपासून सगळ्या सरकारी इमारतींत कॉफीचा दुसरा कप बंद. तब्येतीच्या नावाखाली. कपांच्या बुडाला चिप बसवणार, दुसऱ्यांदा भरला की शिट्टी वाजणार. त्यासाठी दोन कपनिरीक्षक नेमलेत. ग्रंथालय, दवाखाना, वृद्धाश्रम, सगळीकडे.

माणसाचा दुसरा कप! आपल्या देशात!

मी वाहवत जाणारा माणूस नाही. कसोट्या लावल्या. कोण सांगतंय: शंभर वर्षांचा पेपर. दुसरीकडे पडताळा: गिरणीतल्या दोघांना फोन करून विचारलं, दोघांनीही वाचलंय, त्याच पेपरात. राग: आला, पण योग्य कारणासाठी. आनंद: थोडा, पण तो रागात धरला. तारीख: आजची. अगदी ताजी.

नगरपालिकेला चार पानी पत्र. पेपरला तीन पानी. रजा टाकून दोन दिवस लिहिणार.

३ एप्रिल, शुक्रवार

पत्रं गेली. रूनेचा फोन. गिरणीत कोणाकडून तरी कळलंय त्याला. म्हणाला, "अरे बाबा, त्या पेपरावरची तारीख बघ." मी म्हटलं, बघितली. "पुन्हा बघ. आणि हे बघ, मंगळवारी बैठकीत ते वाचू नकोस. माझं एवढं ऐक."

आवाज चक्क गयावया करणारा. घाबरलाय! २८ वर्षांत पहिल्यांदा.

गुनवोर नाश्त्याला म्हणाली, "सिक्स्टन, तो कॉफीचा पेपर जरा..." मी हात वर केला. ती त्याची बहीण आहे, तिने या विषयात मत देणं योग्य नाही.

७ एप्रिल, मंगळवार. तिसरी बैठक

वाचलं. उभं राहून वाचलं. शेवटी म्हटलं, याला म्हणतात तपासलेली बातमी, आणि रूनेकडे बघितलं.

कोणी हसलं नाही. शेवटी ह्योर्डिस मावशी म्हणाल्या, "पोरा, एक एप्रिलला पेपरवाले दरवर्षी एक थाप छापतात ना रे? दुसऱ्या दिवशी चौथ्या पानावर कबूल करतात." दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहीत होतो. पेपर उघडलाच नव्हता.

गुनवोर थर्मासचं झाकण फिरवत बसली. मग रूने जमिनीकडे बघत म्हणाला, "त्यात काय एवढं. मीसुद्धा एका वर्षी फसलो होतो. तळ्यावर पूल बांधणार म्हणून छापलं होतं, मी बघायला गेलो होतो."

तो कधीही फसलेला नाही. मी त्याला तीस वर्षं ओळखतो. धडधडीत खोटं. पोस्ट क्रमांक ४७ म्हणून नोंदवलं, तोंडी.

८ एप्रिल, बुधवार. सकाळी ६.३०

शांतपणे विचार केला. ती थाप मला पहिल्यापासून कळली होती. मंडळाची परीक्षा घेत होतो. मावशी पास झाल्या. सगळ्यांना तीन-चार दिवस आधी कळलं होतं आणि कोणी स्पष्ट सांगितलं नाही, ही खरी चिंतेची गोष्ट आहे.

नगरपालिकेचं उत्तर: "तुमच्या तळमळीबद्दल आभार. दुसऱ्या कपाला कोणताही धोका नाही." सही एका बाईची. टोळीतलीच दिसते.

पेपरने माझं पत्र पूर्ण छापलं. चौकटीत. वर हसरा कप काढलाय.

आता दया नाही.

२१ एप्रिल, मंगळवार. चौथी बैठक

फाईल उघडण्याआधीच रूने उभा राहिला. टोपी हातात. म्हणाला, "सिक्स्टन, गुनवोरने आठवण करून दिली. नाताळात ते किल्लीचं बोललो. चुकलं माझं. सगळ्यांसमोर सांगतो. आता झालं ना? चल, नऊ तारखेला बोट सोडू. फळ्या उघडायला लागल्यात रे, माझी करंगळी आत जाते."

चार महिने ज्याची वाट बघितली ते वाक्य. पण मी तयारीतला माणूस. म्हटलं, सांगणारा एकच. त्याचा स्वार्थ: बोट. शिवाय मला आनंद झाला होता, आणि आनंद झाला तर जास्त थांबायचं असतं.

म्हणून म्हटलं, "तपासून कळवतो." आणि फाईल उघडली.

सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस वाचल्या. ५५ मिनिटं. बाराव्या पोस्टीला रूने उठून गेला. त्याने टोपी घातली नाही, तशीच हातात धरून गेला. एकोणिसाव्याला गुनवोरने कोट घेतला. ह्योर्डिस मावशी शेवटपर्यंत बसल्या. एकही मुद्दा कोणी खोडून काढू शकलं नाही. संपल्यावर मावशी म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे रे पोरा. झालं? आता मला घरी सोड."

संपूर्ण विजय. नाडी ११२.

२८ एप्रिल, मंगळवार

ग्रंथपालबाईंची चिठ्ठी. शेवटच्या बैठकीला अखेरपर्यंत एकच माणूस होता, सबब मंडळ पूर्ण झालं असं धरता येत नाही. प्रमाणपत्र नाही. दाद मागणार.

गुनवोर माझ्याशी बोलते. "मीठ दे", "दार लाव". वाक्यं पूर्ण असतात.

३ मे, रविवार

बोट उचलायला दोन गडी लागतात. एक कंबरेने अधू. म्हणजे निर्णय माझ्या हातात. शनिवारी अकराला किनाऱ्यावरच्या पाइनखाली उभा राहीन. हाक मारतील. तिसऱ्या हाकेला जाईन. दुसऱ्या हाकेला गेलं तर उतावळेपणा दिसतो.

जाताना काय बोलायचं ते लिहून काढलं. दीड पान.

९ मे, शनिवार. संध्याकाळी ७.४०

१०.५० पासून पाइनखाली होतो. दुर्बीण घेऊन, पक्ष्यांसाठी.

त्यांनी बोट उचललीच नाही. जमिनीवर गोल ओंडके आडवे टाकले आणि वरून घरंगळत नेली. रूनेने दोर धरला, गुनवोरने मागून रेटलं, ह्योर्डिस मावशी काठीने दिशा दाखवत होत्या. अकरा मिनिटांत पाण्यात. मी आणि रूने २७ वर्षं ती हातांनी उचलत होतो. ओंडके माझ्याच गिरणीतले, १४ सेंटिमीटरचे. इतक्या लांबूनही ओळखले.

पाणी आत आलं, बरंच. ते डब्याने उपसत बसले. १२.४० पर्यंत थांबलो. हाक आली नाही. दीड पान खिशात घामाने ओलं झालं.

आत्ता रूनेचं पान उघडलं. राजकारणाचं एक अक्षर नाही. फक्त एक फोटो: गुनवोर वल्ह्यांवर, घोट्यापर्यंत पाण्यात, तोंड भरून हसतेय. खाली लिहिलंय, "गळतेय, पण लाकूड फुगतंय. दोन दिवसांत ठीक होईल. पुढची बसायची फळी रिकामी आहे."

भिंग घेऊन बसलो. सावल्यांची दिशा बघितली, पाण्यातलं प्रतिबिंब बघितलं, वल्ह्यांची लांबी मोजली. कुठे फेरफार सापडला नाही. फोटो खरा आहे.

भिंग ठेवताना लाईक दाबला गेला. माझा अंगठा जाड आहे. लगेच काढला. काढला तरी समोरच्याला कळतं का, हे ग्रंथालयातल्या एकाही पुस्तकात दिलेलं नाही.

गुनवोर अजून आलेली नाही. खिडकी उघडी ठेवली तर तळ्यावरचे आवाज इथपर्यंत येतात. तिघंच आहेत. दोनदा मोजले.