खाडीच्या पाण्यानं धुतलेली गाडी

अण्णा, आज गुडघे फार दुखताहेत, म्हणून गॅरेज लवकर बंद केलं. उरणच्या त्या मिठागरवाल्या भाऊंची मोटारसायकल आठवते का? पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमधून तेल गळून त्या चाकातल्या ब्रेकवर उतरायचं आणि ब्रेक लागायचाच नाही. दोनदा तुम्ही तेल अडवणारी नवी रबरी ऑइल सील बसवून दिलीत, दोनदा पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला भाऊंची बायको जासईच्या वळणावर मागच्या सीटवरून पडली, कंटेनरखाली जाता जाता वाचली. भाऊ दारात उभे राहून ओरडत होते, "तुमाला काम येत नाय तर तसं सांगा ना! माझी बायको मेली असती!" तुम्ही मान खाली घालून नुसता पाना शोधत होतात. तुम्हाला कुणी असं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

मी तेव्हा नवऱ्याचं घर सोडून परत आलेली. सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायचे आणि चहा करायचा, एवढंच माझं काम. गिऱ्हाइकासमोर पान्याला हात लावायचा नाही, ही तुमची सक्त ताकीद. लोक काय म्हणतील, बस्स, विषय संपला. तर मी तो उघडलेला फोर्क धुतेय, पाइपावरून सहज नख ओढतेय, आणि नख अडकतं. पुन्हा ओढते, पुन्हा अडकतं. पाइपाला बारीक बारीक खड्डे पडलेत, डोळ्यांना पटकन दिसतही नाहीत. त्यावर घासून प्रत्येक नवी सील फाटतेय. तुमची नखं हातोडीनं कधीच बोथट केलेली, तुम्हाला कळणार कसं? मी पाइप तुमच्या हातात देते, कानाशी सांगते. तुम्ही तो उजेडात फिरवत राहता. मग विचारता, "भाऊ, गाडी धुता कुठं?"

"कुटं म्हंजे? खाडीवर. गोडं पानी प्यायाला पुरत नाय, गाडीला कुटून आनू?"

"अहो, मग खाऱ्या पाण्यानं पाइप खाल्लाय तुमचा! सील बिचारी काय करणार?"

भाऊ एकदम गार. "अण्णा, तुमीच शोधू शकता हे," म्हणाले. तुम्ही हसलात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "चहा टाक गं."

नवे पाइप घातल्यावर ती गाडी पुन्हा गळली नाही. तुमची अब्रू वाचली याचं मला बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण राग आला होता, अण्णा, फार आला होता. पुढे तुम्ही मला फोर्क खोलायला दिलेत, तेही मागच्या खोलीत, पडदा ओढून. आता पनवेलमध्ये फोर्क वाजला, गळला की लोक म्हणतात, बाईंना दाखवा. चांगलं वाटतं. पण दमलेय आता, आणि लोकांच्या म्हणण्यानं ती जागा भरत नाही. मला तुमच्या तोंडून, त्या भाऊंसमोर, "हे माझ्या पोरीनं शोधलं" एवढंच हवं होतं.

तुम्ही गेलात तिथं हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी धाडलं नसतं. साठी जवळ आली तरी अवघड काम जमलं की मी अजून मान वर करून तुम्हाला शोधते, हे तुम्हाला कळलेलं मला चालायचं नाही.