माहेरी थांबणारा खोकला

आई, परवा इथल्या कंपू भागातल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "माताजी, घर में सीलन है? चार दिन बाहर रहो तो आराम लगता है?" घरात ओल आहे, मी हो म्हटलं. भोपाळला लेकीकडे गेलं की माझा खोकला आणि अंगातली कणकण पाच दिवसांत थांबते, ग्वाल्हेरला परतलं की पुन्हा सुरू. त्यांनी ते लिहून घेतलं. हसले नाहीत. मला तिथे बसल्या बसल्या इतका राग आला की ते माझा रक्तदाब बघायला लागले.

कारण तेव्हा तुझंही हेच व्हायचं आणि आम्ही त्याची थट्टा केली. बिर्ला नगरच्या त्या भाड्याच्या दोन खोल्या, मोरीच्या भिंतीला लागून तुझी खाट. भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यांना तू दिवाळीआधी चुना फासतेस, संक्रांतीपर्यंत ते परत वर आलेले असतात. तू तोंडाला पदर लावून खोकतेस, गुडघे चोळतेस, महिन्यातून दोनदा तापाने फणफणतेस. उज्जैनला मामाकडे पंधरा दिवस राहिलीस की गाल भरून परत येतेस. मग आत्या दारातच म्हणते, "वहिनी, दुखणं माहेरी विसरून आलात वाटतं? धुणं इथेच ठेवलंय हो तुमचं." बाबा हसतात. कॉन्व्हेंटमध्ये बुरशीची सुबक आकृती काढून शाबासकी मिळवणारी मीही हसते. तुझे डॉक्टर तुझ्याकडे न बघता बाबांना सांगतात, "मन का वहम है," आणि टॉनिक लिहून देतात.

माझे डॉक्टर जपून बोलतात. बुरशीचे कण आणि तिचं विष छातीत जातं, काहींना त्याचा त्रास होतो. पण प्रतिकारशक्ती त्याने किती ढासळते, जुनाट दुखणी त्यातूनच येतात का, हे अजून पक्कं नाही म्हणाले. नसेल. प्रश्न तरी कुणी विचारायचा होता. काल माझ्या फ्लॅटमधलं कपाट हलवलं तर मागे काळी भिंत, आणि तुझ्या पातळांना यायचा तो वास. पाठीमागे कुणी घसा खाकरला असं वाटून मी वळलेसुद्धा.

त्या शेवटच्या वर्षी तुला उज्जैनला पाठवलं नाही म्हणून मी बाबांना जन्मभर बोल लावला. तू वाट बघत राहिलीस आणि पावसाळ्यात कायमची गेलीस. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मामा तुला न्यायला आला होता, आई. बाबा कामावर होते, तुझा डोळा लागला होता. माझी बोर्डाची परीक्षा तोंडावर, घरातलं कोण करणार? मी दारातूनच म्हटलं, "आई बरी आहे आता. यायचं नाही म्हणते." तेवढ्यात तू आत खोकलीस. मामा माझ्याकडे बघत राहिला, मग हातातला लाडवांचा डबा ठेवून गेला.

संध्याकाळी एक लाडू खाऊन तू म्हणालीस, "अगदी आमच्याकडच्यासारखे झालेत गं."

मी म्हटलं, शेजारच्या काकूंनी दिलेत.